स्पोक आणि तीन प्रश्न

ज्योतिराम हवालदार कोणत्याही गोष्टीवर विश्वास ठेवण्याआधी तिला टोचून पाहत. हे विधान मी अलंकारिक अर्थाने करीत नाही. इतर लोक सदऱ्याच्या खिशाला पेन लावतात, तेथे त्यांच्याकडे जुन्या सायकलचा एक स्पोक असे. वीतभर लांबीला तोडलेला, एक टोक कानशीने घासून टोकदार केलेले आणि दुसऱ्या टोकाला पकडण्यासाठी तांब्याच्या तारेचे वेढे. स्नेहसंमेलनातले बटाटे शिजले की नाही हे त्या स्पोकने ठरे. दिवाळीच्या सुट्टीनंतर वह्यांचा गठ्ठा उचलण्यापूर्वी त्यात विंचू आहे की नाही, हेही त्यानेच ठरे. मुख्याध्यापकांसाठी नवी गुबगुबीत खुर्ची आली, तेव्हा हवालदारांनी ती प्रथम खालच्या बाजूने टोचली आणि स्पोक बाहेर काढून सर्वांसमक्ष निरखला. "गवत हाय आत," ते म्हणाले. त्यानंतर मुख्याध्यापक त्या खुर्चीत कधीही पूर्ण अधिकाराने बसू शकले नाहीत.

आमचे गाव कराड आणि इस्लामपूर यांच्या दरम्यान आहे. घरटी एक माणूस सैन्यात आणि उरलेले उसात, अशी येथील विभागणी. हवालदारांनी सतरा वर्षे सैन्यात काढली होती, तीही जमिनीत पेरलेले सुरुंग शोधून काढणाऱ्या तुकडीत. तेथून निवृत्त होऊन ते आमच्या हायस्कुलात प्रयोगशाळा परिचर म्हणून आले. मी तेथे विज्ञान शिकवीत असे. मुले त्यांना हवालदार मामा म्हणत आणि ते मला बाई म्हणत. पुढे आम्ही दोघेही निवृत्त झालो, तरी या संबोधनांत बदल झाला नाही.

सुरुंग कसा शोधतात, हे त्यांनी एकदा माझ्या वर्गाला करून दाखवले होते. त्यांनी एक गुडघा टेकला, ओंजळभर जागा डोळ्यांनी नीट पाहून घेतली आणि मग स्पोक जमिनीत घातला, पण तिरका.

"सरळ टोचलं की वरनं दाब बसतोय," ते म्हणाले. "आन् दाब बसला की फुटतंय. तिरकं टोचायचं. म्हंजे सुरुंगाच्या कुशीला हात लागतोय, डोक्याला न्हाई. काय लागलं की डावा हात वर करायचा. हात वर गेला की मागची समदी जिथल्या तिथं हुबी. मग पांढरी खूण करायची."

प्रश्नही ते असेच विचारीत. समोरच्याच्या डोक्यावर दाब पडू नये म्हणून कुशीतून, तिरके. त्यांचे ठरलेले प्रश्न तीनच होते आणि त्यांची सुरुवात प्रयोगशाळेतल्या एका दहावीच्या तासाला झाली, असे मला आठवते.

तापवल्यावर पदार्थांचे काय होते, हा त्या दिवशीचा पाठ होता. सुहास नावाचा एक विद्यार्थी होता. चौकस, पण चौकसपणा नेहमी विषयापासून दूर नेणारा. तो उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, सूर्य विझला तर आपलं काय होणार?" शिक्षकाला असा प्रश्न आला की आनंद होतो. मी खडू उचलला, फळ्यावर सूर्य काढला आणि त्याचे इंधन कसे संपत जाईल हे सांगू लागले. मागून आवाज आला.

"कवा?"

सुहासने वळून पाहिले. "काय मामा?"

"कवा इझणार हाय?"

"पाचशे कोटी वर्षांनी."

"बरं. कुणाला तरास?"

"सगळ्यांनाच की."

"आन् तवा फोन कुणाला लावायचा?"

वर्ग हसला. हवालदार हसले नाहीत. "मग गड्या, तवर तुझ्या कोपरापाशी गॅसचा कॉक उघडा हाय, तो बंद कर. त्याचं कवा म्हणशील तर आत्ता. कुणाला म्हणशील तर तुला. आन् फोन लावायला कोण मागं ऱ्हायचं न्हाई."

कॉक खरोखरच उघडा होता. सूर्याच्या नादात तो मलाही दिसला नव्हता, हे येथे प्रामाणिकपणे नोंदवते.

कवा, कुणाला, आणि फोन कुणाला लावायचा. या तीन प्रश्नांचा मी पुढे सवडीने विचार केला. पहिला प्रश्न धोक्याचा काळ ठरवतो. दुसरा धोका कोणाच्या अंगावर येणार ते ठरवतो. तिसऱ्याला मी बरीच वर्षे निव्वळ विनोद समजत होते. शिक्षकाच्या चुका उशिरा दुरुस्त होतात, कारण त्या दुरुस्त करणारे कोणी वर्गात नसते.

निवृत्तीनंतर हवालदार रोज सकाळी दूध घालून परत जाताना माझ्या ओसरीवर टेकत. मला कात्रणे जमवण्याची सवय आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी वर्तमानपत्रांत रोज काहीतरी येऊ लागले, तशी मी दोन फायली केल्या. जे धोके आज घडत आहेत ते खाकी फायलीत, जे पुढे घडू शकतील ते निळ्या. खाकी फायलीवर 'आज' लिहिले आणि निळीवर 'उद्या'. निळी फाईल बघता बघता उशीएवढी झाली. यंत्रे माणसापेक्षा शहाणी होणार, यंत्रे स्वतःच यंत्रे घडवणार, यंत्रे माणसाला आपल्या वाटेतून दूर करणार, असे सर्व तीत होते. खाकी फायलीत तीन कागद होते.

हवालदारांनी दोन्ही फायली दोन हातांत घेऊन तोलल्या. "बाई, आजची फाईल उपाशी हाय."

"कारण आजचे धोके किरकोळ आहेत," मी म्हणाले. "खरा प्रश्न यंत्र आपल्यापेक्षा हुशार होईल तेव्हाचा आहे."

"माझ्यापरास हुशार तर माझी म्हैस हाय. तिनं काय घर ताब्यात घेतलं न्हाई." थोडा विचार करून त्यांनी पुस्ती जोडली, "सुनंला इचारलं तर घेतलंय म्हणंल."

"थट्टा सोडा. दूरच्या धोक्याला तुमच्या लेखी काही किंमतच नाही का?"

यावर ते एकदम गंभीर झाले. स्पोकवरची तार अंगठ्याने फिरवत म्हणाले, "तसं न्हाई बाई. लांबचा सुरुंग बी सुरुंगच असतोय. त्यो फुटणार न्हाई असं म्हणणारा माणूस मी न्हाई. पर तिथवर चालत जायला पाय तर पायजेत. पायाखालचं आधी. आन् एक सांगू? लांबचं बोलायला लय बरं वाटतं. लांबच्याला आपल्याला काय करावं लागत न्हाई."

मग त्यांनी निळी फाईल वाचायला मागितली. मी दिली. ती त्यांच्याकडे पुष्कळ दिवस राहिली.

त्याच हिवाळ्यात आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत पुण्याच्या एका अभ्यासकांचे व्याख्यान होते. विषय 'यंत्रांचे राज्य आणि मानवाचा अंत'. वक्त्यांचा परिचय करून देण्याचे काम माझ्याकडे आले. मला सर्दी झाली होती आणि वेळ थोडा होता. म्हणून मी परिचय लिहिण्यासाठी मोबाइलमधल्या त्या यंत्राचेच साहाय्य घेतले. दोन क्षणांत त्याने सुबक, शुद्ध, एकही ऱ्हस्वदीर्घ न चुकलेला मजकूर दिला. शुद्धलेखन बिनचूक असले की मजकूर खरा मानण्याची सवय आम्हा शिक्षकांना असते. मी तो जसाच्या तसा वाचला. वक्त्यांचा जन्म सांगलीचा, बालपण पाचगणीच्या वसतिगृहात गेलेले आणि हळदीच्या बाजारपेठेवरचा त्यांचा ग्रंथ विशेष गाजलेला.

वक्ते सभ्य होते. ते उभे राहिले आणि म्हणाले, "बाईंनी केलेला परिचय ऐकून मला स्वतःविषयी आदर वाटू लागला आहे. माझा जन्म नाशिकचा. पाचगणी मी पाहिलेली नाही. हळदीशी माझा संबंध आमटीपुरता."

सभागृह हसले. पदर सारखा करण्याच्या निमित्ताने मी खाली पाहिले.

व्याख्यान मात्र उत्तम झाले. मानवजात नष्ट कशी होऊ शकते याचे त्यांनी पाच मार्ग सांगितले. शेवटी अध्यक्षांनी विचारले, कोणाला काही शंका? तिसऱ्या रांगेतून हवालदार उठले.

"साहेब, भाषण लय आवडलं. बारकी तीन इचारणं हायती. ह्ये कवा व्हनार?"

"निश्चित सांगता येत नाही. दहा वर्षे, पन्नास वर्षे, कदाचित कधीच नाही."

"कुणाला?"

"सर्वांना."

"आन् तवा फोन कुणाला लावायचा?"

वक्त्यांनी चष्मा काढून पुसला. "हाच प्रश्न आम्ही जगभर विचारतो आहोत," ते म्हणाले. त्यांचा प्रामाणिकपणा मला आवडला. हवालदारांनाही आवडला असावा, कारण त्यांनी हात जोडले. पण खाली बसता बसता म्हणाले, "मानवाचा अंत व्हायचा तवा होईल. आज एका मानवाचा जन्म दुसऱ्या गावाला झाला, आन् तो कागद आमच्या बाईंच्या हातात हाय. तो तेवढा फायलीत घाला म्हंजे झालं."

घरी येऊन मी परिचयाचा कागद खाकी फायलीत घातला. दुसऱ्या दिवशी हवालदारांनी फाईल तोलून पाहिली. "आज जेवली," ते म्हणाले.

त्यानंतर आठवड्याच्या आत शालन माझ्या ओसरीवर आली. शालनचा नवरा सैन्यात, सीमेवर. घर, दोन मुली आणि शेत ती एकटी सांभाळते. ती बोलू लागली की शेजारचे लोक हातातले काम थांबवून ऐकतात. त्या दिवशी तिने चप्पलही काढली नाही.

"मामा, तुमी हितं चा पीत बसलाय आन् तिकडं आभाळातल्या डोळ्यानं माझा ऊस कच्चा ठरवलाय."

ती मोबाइल पुढे करून उभी राहिली. कारखान्याचा निरोप होता. आपल्या प्लॉटमधील ऊस अपरिपक्व असून तोडणी मार्च महिन्यात अपेक्षित आहे.

येथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. कोणाचा ऊस केव्हा तोडायचा, हे पूर्वी कारखान्याची माणसे ठरवीत. त्यामुळे पुढाऱ्याचा ऊस आधी पिके आणि गरिबाचा उशिरा. त्या वर्षीपासून उपग्रहाच्या चित्रांवरून उसाची पक्वता ओळखणारी यंत्रणा आली आणि तिच्या क्रमाने तोडणीची चिठ्ठी निघू लागली. वशिला थांबला म्हणून लोक खूश होते. मीही होते.

"तुरा आलाय का?" हवालदारांनी विचारले.

"तुरा? पांढरंफेक झालंय समदं. लांबनं बघितलं तर म्हातारीचं डोस्कं वाटतंय."

हे ऐकून हवालदारांनी कप खाली ठेवला. उसाला तुरा आला की त्याची वाढ संपते. त्यानंतर तो उभा ठेवला, तर वरून खाली पोकळ होत जातो. मार्चपर्यंत शालनच्या शेतात ऊस दिसला असता, पण कांड्यांत रस राहिला नसता. अठरा महिन्यांची तिची मेहनत उभ्या उभ्या वाळली असती.

"आन् अजून एक हाय," शालनचा आवाज खाली आला. "आमच्या ह्यांस्नी मी फोनवर सांगून बसलीया, ऊस गेला म्हणून."

"कशापायी?"

"रोज इचारत्यात, चिठ्ठी आली का, तोडायला टोळी आली का. तिकडं बर्फात हुबं ऱ्हाऊन त्यांनी बंदूक धरायची का उसाचं बघायचं? म्हटलं गेला एकदाचा, ऱ्हावा निवांत. आता रजा मंजूर झालीया. पंधरा दिसांत येतील."

"म्हंजे यंत्र एक खोटं बोललं आन् तू एक."

"यंत्राचं तुमी निस्तरा. माझं मी बघती."

आम्ही शेतावर गेलो. हवालदारांनी एक ऊस वाकवून शेंड्याकडच्या कांडीत स्पोक घातला. तो आत गेला तो जणू केळ्यात गेला. दोन कांड्या खाली घातला, तेव्हा अडखळला आणि रसाचा थेंब आला. "वरनं पोकळ व्हायला लागलाय. पंधरा दिस लय झालं," ते म्हणाले. मग त्यांनी सऱ्या मोजल्या. शालनच्या बारा. तिच्या दोन्ही बाजूंना तिच्या दिरांचा ऊस होता, प्रत्येकी बारा सऱ्या. तो अजून वाढीला लागलेला, हिरवागार, तुऱ्याचा पत्ता नसलेला.

तिघा भावांची वाटणी आमच्या भागातल्या रीतीने झाली होती. प्रत्येकाला रस्ताही लागला पाहिजे आणि विहिरीचे पाणीही मिळाले पाहिजे, म्हणून रान आडवे न तोडता उभे चिरायचे. त्यामुळे तीन लांबट पट्ट्या. मध्ये बांध घातला तर तेवढी जमीन वाया जाते, म्हणून बांध नाही. आणि भावाभावांत कागद कशाला, म्हणून वाटणी तोंडी. शालनचा नवरा आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये रजेवर आला होता, तेव्हा त्याने उसाची लागण केली. दिरांनी पुढे जानेवारीत केली. फौजीच्या घरी लागण पावसावर ठरत नाही, रजेवर ठरते.

हवालदार वर आकाशाकडे पाहू लागले. मग म्हणाले, "बाई, त्याची बी चूक न्हाई. वरनं बघणाऱ्याला ह्यो एकच चौकोन. दोन वाटं हिरवं, एक वाटा पांढरं. त्यानं दोघांचं ऐकलं. आमी त्याला सांगितलंच न्हाई की हितं तीन चुली हायत्या."

कारखान्याच्या गट कार्यालयात गेलो, तर गटाधिकाऱ्याच्या खुर्चीत सुहास. तोच, सूर्यवाला. मला पाहून तो उठून उभा राहिला आणि हवालदारांना पाहून जरा जास्तच ताठ उभा राहिला.

शालनने सगळे सांगितले. सुहासने संगणकावर जमिनीचा गट नंबर घातला आणि पडदा आमच्याकडे वळवला. "बघा बाई, हिरवा रंग. म्हणजे कच्चा. सिस्टीम बहुतेक बरोबर असते. मी मध्ये हात घातला, तर उद्या लोक म्हणतील वशिल्यानं चिठ्ठी दिली."

"खरं हाय," हवालदार म्हणाले. "हात घालू नको. फकस्त लिहून दे, की ह्यो ऊस कच्चा हाय."

"लिहून?"

"व्हय. ज्यानं ठरवलं त्याची खाली सही."

"ते सिस्टीमनं ठरवलंय मामा."

"मग तिची सही घे. आमी बसतो."

शालन लगेच बाकावर बसली आणि पिशवीतून शेंगदाणे काढले. सुहासने मुख्य कार्यालयाला फोन लावला. तेथील माणूस म्हणाला, आम्ही फक्त यादी छापतो, संगणक विभागाला विचारा. संगणक विभाग म्हणाला, आम्ही फक्त माहिती चढवतो, यंत्रणा बनवणाऱ्यांना विचारा. त्यांनी एक नंबर दिला. सुहासने तो लावून फोन टेबलावर ठेवला. आतून एका बाईचा गोड आवाज आला. आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, तक्रार नोंदवण्यासाठी एक दाबा.

"दाब की एक," हवालदार म्हणाले.

सुहासने एक दाबला. बासरी वाजू लागली. आम्ही चौघांनी ती बासरी ऐकली. ती संपली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. शालनने सुहासपुढे चार शेंगदाणे ठेवले. "खा बाबा. तुझी बी चूक न्हाई. कुणाचीच न्हाई. तरी माझा ऊस वाळतोय, ह्येचं कौतिक वाटतं."

तिसऱ्यांदा बासरी सुरू झाली, तेव्हा हवालदार पुढे वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "सुहास, कोपरापाशी बघ."

सुहासने खरोखरच कोपराकडे पाहिले. तेथे रसातली साखर मोजण्याचे, दुर्बिणीसारखे दिसणारे छोटे यंत्र पडून होते. त्यावर धूळ होती. नव्या पद्धतीत त्याची गरज उरली नव्हती. त्याने फोन बंद केला, यंत्र रुमालाने पुसले आणि भिंतीवरची टोपी घेतली. माझ्या तिसऱ्या प्रश्नाविषयीच्या गैरसमजाची दुरुस्ती त्या बासरीच्या सुरांवर झाली.

शेतात हवालदारांनी त्याला लगेच यंत्र लावू दिले नाही. "आधी तोंड. डोळं मीट." शालनने कोयत्याने तिन्ही पट्ट्यांतली एकेक कांडी सोलली. सुहासने पहिली चघळली आणि तोंड वाकडे केले. दुसरी तो चघळतच राहिला. तिसरीला पुन्हा तोंड वाकडे.

"मधली कुणाची?" त्याने डोळे न उघडता विचारले.

"तीच तुमची कच्ची," शालन म्हणाली. "आजून देऊ का तोडून? मार्चपतोर पुरंल तुमाला."

यंत्रानेही तेच सांगितले. सुहासने रस्त्याकडेच्या बांधावर बसून, संगणकातून नव्हे तर हाताने, कागदावर लिहिले की प्रत्यक्ष पाहणी केली, मधल्या बारा सऱ्या पक्व आहेत, तोडणी तातडीने व्हावी. खाली स्वतःचे पूर्ण नाव लिहून सही केली. सही करताना त्याचा हात क्षणभर थांबला, ते मी पाहिले. हवालदारांनीही पाहिले.

"भ्या वाटतंय?" त्यांनी विचारले.

"वाटतंय मामा."

"वाटू दे. माणसाचं काम हाय ते. यंत्राला वाटत न्हाई, म्हणून तर त्याला सही नसती."

चौथ्या दिवशी टोळी आली आणि शालनचा ऊस गेला. शेंड्याकडचा थोडा वाया गेला, बाकीचा भरला. त्यानंतर तीन दिवसांनी तिचा नवरा रजेवर आला. शेतावर जाऊन त्याने तोडलेल्या उसाचे पाचट उचलून पाहिले आणि विचारले, ऊस महिन्यापूर्वी गेला म्हणालीस, मग पाचट हिरवे कसे? शालनने उत्तर दिले, यंदा थंडी लय हाय, वाळतच न्हाई. तो हवालदारांकडे गेला. हवालदारांनी पाचटात स्पोक घातला, बाहेर काढला, निरखला आणि गंभीरपणे सांगितले की थंडीचेच आहे.

याच रजेत तिघा भावांनी वाटणी कागदावर घ्यायची ठरवली. मोजणीआधी आपली आपण हद्द आखावी, म्हणून एका सकाळी सगळे शेतावर जमले. मीही गेले. आजोबांच्या वेळचा हद्दीचा दगड कुठेतरी मातीत गडप झाला होता आणि तो शोधण्याचे काम अर्थातच हवालदारांकडे होते. ही आमची अखेरची भेट ठरेल, हे मला तेव्हा माहीत नव्हते. दुसऱ्याच दिवशी मुलाने त्यांना पुण्याला नेले आणि उन्हाळ्यात ते तेथेच गेले.

मला पाहून त्यांनी शालनच्या पाटीशेजारी ठेवलेली माझी निळी फाईल उचलून दिली. पाटीत चुन्याची फक्की होती.

"वाचली बाई. समदी टोचून बघितली."

मला वाटले, बोलण्याची रीत आहे. फाईल उघडली तर प्रत्येक कात्रणाला एक बारीक भोक होते. तिरके. यंत्रांचे युद्ध, यंत्रांचे बंड, यंत्रांचे साम्राज्य, सर्वांतून स्पोक आरपार गेला होता. मी शिक्षिका आहे, कागदाला भोक पाडलेले मला सहन होत नाही. मी काही बोलणार, तेवढ्यात ते म्हणाले, "एका जागी आत काय तरी लागलं. तिथं खूण केलीया. संभाळून उघडा."

फायलीच्या तळाशी एक लहानसे कात्रण होते. कधी कापले तेही मला आठवत नव्हते. त्यात ना युद्ध होते, ना बंड. कोणीतरी एवढेच लिहिले होते की यंत्राने ठरवलेले मान्य करण्याची सवय हळूहळू लागत जाईल आणि मग ते परत फिरवण्याचा अधिकार ज्याच्याकडे होता, ती खुर्चीच कोणाला आठवणार नाही. त्या कागदाला भोक नव्हते. कडेला चुन्याचे एक पांढरे बोट उमटले होते.

"हा कोणत्या फायलीत घालू?" मी विचारले. "हे उद्याचे आहे. पण गट कार्यालयात आपण पाहिले ते हेच."

"फायलीत नगं," हवालदार म्हणाले. "खिशात ठेवा."

माझ्या साडीला खिसा नाही. मी तो घडी करून पर्समध्ये ठेवला आणि तो अजून तेथेच आहे.

मी रस्त्याकडे निघाले. वळणावर मागे पाहिले. मधल्या रिकाम्या पट्टीत हवालदारांनी एक गुडघा टेकला होता. त्यांच्यामागे शालनचा नवरा, त्यामागे दोन भाऊ, आणि सर्वांत मागे चुन्याची पाटी कंबरेवर घेतलेली शालन. भावांचे काहीतरी बोलणे चालले होते, शालन कोणाला तरी टोमणा मारीत होती. हवालदार एकेक वीत पुढे सरकत स्पोक घालीत होते, काढीत होते. मग एका जागी स्पोक थांबला.

त्यांनी मान वर केली नाही. फक्त डावा हात उंचावला.

बोलणे थांबले. फौजी थांबला, भाऊ थांबले, शालन एक पाय उचललेला तसाच धरून थांबली. मी त्या रांगेत नव्हते, शंभर पावले दूर रस्त्यावर होते. तरीही जिथल्या तिथे उभी राहिले.